पळालेला नव्हे, फेकलेला तारा

आजची गोष्ट एसटीत सुरू होते. रात्रीची नाशिक-पुणे गाडी. सिन्नर मागे पडलेलं, संगमनेरला चहा झालेला, चंदनापुरीचा घाट चढून गाडी अळेफाट्याकडे निघालेली. अर्धी बस झोपलेली, उरलेली अर्धी रील्स बघतेय. मी खिडकीशी. नारायणगाव जवळ आलं की माझी मान आपोआप वळते. दिवसा जाताना तिथे शेतांच्या पलीकडे मोठाल्या जाळीच्या छत्र्या दिसतात, आभाळाकडे तोंड करून उभ्या. रात्री काहीच दिसत नाही. पण त्या जाग्या असतात हे आपल्याला माहीत असतं.

त्यातल्या काही छत्र्यांनी काही वर्षांपूर्वी एका मेलेल्या ताऱ्याकडे कान लावला होता. तो तारा एका दुसऱ्या, अजून जिवंत असलेल्या ताऱ्याचा जोडीदार असावा, हे ऐकणाऱ्यांना त्या वेळी माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. ते दोन वर्षांनी दुसऱ्याच कुणी सांगितलं. आज त्या जोडीची गोष्ट.

आधी जिवंत असलेला. त्याचं नाव झीटा ऑफ्युकी. ऑफ्युकस म्हणजे आपलं भुजंगधारी नक्षत्र. हे नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं, कारण ते बारा राशींत नाही. गंमत अशी की सूर्य दरवर्षी साधारण ३० नोव्हेंबर ते १७ डिसेंबर याच भुजंगधारीतून जातो. राशीभविष्यवाल्यांना हे विचारून बघा, विषय बदलतील. असो.

झीटा हा निळा, प्रचंड तापलेला तारा आहे. पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३४,००० अंश केल्विन. आपला सूर्य ५,८०० च्या आसपास आहे. वजन, मोजण्याच्या पद्धतीनुसार, सूर्याच्या तेरा ते वीस पट. स्वतःभोवती तो इतक्या जोरात फिरतो की त्याच्या विषुववृत्ताचा वेग सेकंदाला ४०० किलोमीटरच्या घरात जातो. सूर्याचा फक्त दोन. भोवरा म्हणा हवं तर. आणि त्याच्या वाटेत धुळीचे ढग नसते तर तो आपल्या आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्यांमध्ये गणला गेला असता. धुळीमुळे तो साधासा, दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा दिसतो.

वर तो थरथरतो. १९८३ मध्ये स्टीव्हन व्होग्ट आणि डोनाल्ड पेनरॉड यांना त्याच्या वर्णपटात लहान लहान उंचवटे सरकताना दिसले आणि त्यांनी अर्थ लावला की ताऱ्याच्या अंगावरून लाटा फिरताहेत. २००४ मध्ये कॅनडाच्या 'मोस्ट' नावाच्या छोट्याशा उपग्रहाने त्याच्याकडे तीन आठवड्यांहून जास्त काळ टक लावली. उपग्रहावरची दुर्बीण केवढी, तर १५ सेंटिमीटरची, म्हणजे हौशी माणसाच्या गच्चीवर असते तेवढी. पण वर ढग नाहीत, दिवस-रात्र नाही. ताऱ्याचं तेज एकाच ठेक्यात नाही, तर डझनभर ठेक्यांत कमी-जास्त होताना सापडलं. त्यातला मुख्य ठेका सुमारे ४ तास ३८ मिनिटांचा.

ही थरथर कशामुळे? लोखंडामुळे. ताऱ्याच्या आत एका विशिष्ट खोलीवर तापमान असं असतं की तिथलं लोखंड आणि त्याचे भाऊबंद धातू आतून येणारा प्रकाश अडवून धरतात. कुकरसारखं समजा. वाफ कोंडते, शिट्टी वर उचलली जाते, वाफ सुटते, शिट्टी खाली बसते, पुन्हा कोंडते. तारा तसा फुगतो-आकसतो. फक्त झीटा सगळा एकदम फुगत नाही. एका भागात फुगतो तेव्हा दुसऱ्या भागात दबतो. लोखंड लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहे.

पण या ताऱ्याची खरी भानगड त्याच्या चालीत आहे. आजूबाजूच्या वायूतून तो सेकंदाला ३० ते ४५ किलोमीटर वेगाने चाललाय. त्याच्या पुढे, साधारण अर्ध्या प्रकाशवर्षावर, धूळ आणि वायू दाबले जाऊन एक भलीमोठी कमान तयार झाली आहे. रामकुंडापासून थोडं पुढे, पाणी भरपूर असताना गोदेत नाव चालली की तिच्या नाकासमोर पाणी कसं उठतं, तशी. स्पिट्झर दुर्बिणीने काढलेला त्या कमानीचा अवरक्त फोटो जरूर बघा. वॉलपेपर म्हणून लावण्यासारखा आहे.

अशा ताऱ्यांना इंग्रजीत 'रनअवे' म्हणतात. मराठीत पळपुटा म्हटलं तर तो बिचारा भित्रा ठरतो, फरारी म्हटलं तर गुन्हेगार. दोन्ही चूक. कारण तो पळालेलाच नाही.

हे कसं कळलं, ती गोष्ट १९५४ पासून सुरू होते. ॲड्रियान ब्लाऊ हे डच खगोलशास्त्रज्ञ आणि अमेरिकेतले विल्यम मॉर्गन यांनी दोन ताऱ्यांकडे लक्ष वेधलं. एक सारथी नक्षत्रातला, एक कपोत नक्षत्रातला. म्हणजे आकाशात एक मृगाच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. दोघेही सेकंदाला १०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जवळजवळ नेमक्या विरुद्ध दिशांना चाललेले. त्यांची वाट मागे मागे नेली तर दोन्ही रेषा मृगातच येऊन पोचत होत्या. त्याच घरातून निघालेला तिसरा एक तारा पुढे मेषेत सापडला. एकाच घरातून तिघं बाहेर पडलेले, तर मग घरात झालं काय?

ब्लाऊंनी १९६१ मध्ये याचं उत्तर मांडलं. त्यांच्या हाती एक साधा धागा होता. असे जड, निळे तारे बहुतेक वेळा जोडीने राहतात. पण सुसाट धावणाऱ्यांमध्ये जोडी जवळजवळ दिसतच नव्हती. सगळे एकटे! याचा अर्थ जोडीदार होता आणि गेला. कसा गेला? स्फोट होऊन.

इथे मला माझ्या मामाच्या शेतातली गोफण आठवते. ज्वारीवर पाखरं बसली की मामा मचाणावरून गोफण गरगरवायचा आणि एक टोक सोडायचा. दगड सुटायचा तो सरळ. लहानपणी वाटायचं की मामा दगडाला शेवटी जोर लावतो. तसं नसतं. जोर आधीच असतो, दोरीने तो गोल फिरत ठेवलेला असतो. दोरी सुटली की तोच वेग सरळ रेषेत निघून जातो.

दोन तारे एकमेकांभोवती फिरतात तेव्हा गुरुत्वाकर्षण ही त्यांची दोरी. मोठा जोडीदार आधी जळून संपतो आणि सुपरनोव्हा होतो. त्याचं बहुतेक वजन स्फोटात उडून लांब निघून जातं. ओढायला वजनच उरलं नाही, की दोरी सुटली. दुसरा तारा फिरत होता त्याच वेगाने सरळ चालू लागतो. त्याने काहीच केलेलं नसतं.

सगळ्यांना हे पटलं का? नाही. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या आर्कादिओ पोवेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट सुचवली. ताऱ्यांचे पुंजके जन्माला येतात तेव्हा आत इतकी गर्दी असते की दोन जोड्या एकमेकींच्या जवळून गेल्या तर धक्काबुक्कीत एखाद-दुसरा तारा बाहेर भिरकावला जातो. नाशिकरोड स्टेशनवर सणासुदीला गाडीत चढताना जे होतं, तेच. इथे स्फोटाची गरजच नाही.

मग बरोबर कोण? पुढची तीस-पस्तीस वर्षं दोन्ही बाजू बोलत राहिल्या, कारण ताऱ्यांच्या वाटा मागे नेण्याइतकी अचूक मोजमापंच नव्हती. ती दिली युरोपच्या हिप्पार्कोस उपग्रहाने. २००० आणि २००१ मध्ये लायडनच्या रॉनी होखरवर्फ आणि सहकाऱ्यांनी ती वापरून घड्याळ उलटं फिरवलं. निकाल मजेशीर होता. ब्लाऊंना ज्यांनी विचारात पाडलं ते सारथी आणि कपोतातले दोघे, ते मात्र सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी गर्दीतल्या धक्काबुक्कीतून निघालेले दिसले! म्हणजे प्रश्न पाडणारे तारे पोवेदांच्या बाजूचे निघाले. आणि ब्लाऊंच्या बाजूने उभा राहिला झीटा.

त्याचा जोडीदार म्हणून या गटाने एक पल्सार पुढे केला. पल्सार म्हणजे स्फोटानंतर उरलेला ताऱ्याचा गाभा. व्यास अवघा वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे नाशिकपासून त्र्यंबकपर्यंतही जेमतेम पोचेल, आणि वजन मात्र सूर्याहून जास्त. तो फिरताना रेडिओ लहरींचा झोत दीपगृहासारखा फिरतो आणि आपल्याला टिकटिक ऐकू येते. पण २०१५ मध्ये त्या पल्सारची चाल आणखी बारकाईने मोजली गेली तेव्हा त्याची आणि झीटाची भेट झाल्याची शक्यता फारच कमी निघाली. संशयित सुटला. जोडीदार पुन्हा बेपत्ता.

आता नारायणगावला परत येऊ. तिथल्या खोडदची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, तुम्ही नावाने ओळखत असाल. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या; चौदा मधोमध, बाकीच्या तीन हातांवर पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. दीर्घ लहरींना भरीव पत्रा लागत नाही, ताणलेली बारीक जाळी पुरते, हे ओळखून त्यांनी दोरखंडांवर जाळी ताणली. वजन घटलं, खर्च घटला, वारा आरपार जाऊ लागला. आत गेलात तर मोबाईल बंद करायला सांगतात, कारण ताऱ्यांकडून येणाऱ्या सिग्नलपुढे तुमचा फोन म्हणजे कानाशी लावलेला डीजे आहे.

त्याआधी स्वरूप यांनी उटीला आणखी एक रेडिओ दुर्बीण उभारली होती, १९७० मध्ये. ५३० मीटर लांब, डोंगराच्या उतारावर. उतार असा निवडलेला की दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहील. त्यामुळे नुसती एका अक्षाभोवती वळवत तिला एकाच जागेचा साडेनऊ तास पाठलाग करता येतो. हा साडेनऊ तासांचा मुद्दा महत्त्वाचा आहे.

कारण भुजंगधारी नक्षत्रात बी १७०६-१६ नावाचा एक पल्सार आहे. ०.६५ सेकंदाला एक टिक. पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतले भालचंद्र जोशी आणि त्यांचे सहकारी त्याच्याकडे नियमित, लांबलचक बैठका मारून बघत होते. २०१८ मध्ये छापून आलं ते असं: हा पल्सार मध्येच गप्प होतो. काही वेळा थोड्या टिकांपुरता, आणि क्वचित चक्क दोन ते पाच तास. सगळा वेळ धरला तर जवळजवळ ३१ टक्के वेळ तो मुका असतो. आणि हा मुकेपणा उटीच्या आणि जीएमआरटीच्या, म्हणजे वेगवेगळ्या कंपनसंख्यांवर एकाच वेळी येतो. म्हणजे एखादाच सूर बसत नाही, अख्खा गळाच बसतो. फिरणं मात्र थांबत नाही. पुन्हा बोलू लागतो तेव्हा आवाजाची ढब थोडी बदललेली असते.

विचार करा, तासाभराची बैठक असती आणि ती नेमकी या गप्प वेळात पडली असती, तर तिथे काही नाहीच असं वाटलं असतं.

मग आलं २०२०. जर्मनीत येना इथले राल्फ नॉयहॉयझर आणि दोन सहकारी यांनी शेजारपाजारचे पल्सार आणि धावणारे तारे यांच्या वाटा संगणकावर लाखो वेळा मागे नेऊन पाहिल्या. लाखो वेळा कशासाठी? तर प्रत्येक मोजमापात चूक असते, आणि ती चूक धरून सगळ्या शक्यता तपासाव्या लागतात. त्यात एक जोडी जुळली. झीटा, आणि आपला हाच मध्येच मुका होणारा बी १७०६-१६. सुमारे १७.८ लाख वर्षांपूर्वी दोघे एकाच जागी होते. जागा नरतुरंग आणि वृक नक्षत्रांकडच्या तरुण ताऱ्यांच्या समूहात, आपल्यापासून ३५० प्रकाशवर्षांवर. स्फोटात गाभ्याला एका बाजूने लाथ बसली आणि तो सेकंदाला अडीचशे किलोमीटरच्या वेगाने उडाला. आज तो अठराशे प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. झीटा चारशेच्या घरात. आकाशात मात्र दोघांमधलं अंतर, हात लांब करून मूठ धरली तर एका मुठीएवढंच दिसतं.

एक खोच सांगायलाच हवी. पल्सार आकाशात आडवा किती सरकतो ते मोजता येतं, पण आपल्याकडे येतोय की दूर जातोय हे त्याच्या टिकटिकीवरून कळत नाही. तो वेग गृहीत धरूनच हिशेब करावा लागतो. म्हणून काही जण अजूनही 'बहुधा' हा शब्द सोडत नाहीत. मीही सोडणार नाही. आधीचा संशयित निर्दोष सुटला, हे आपण पाहिलंय.

पण नॉयहॉयझर यांच्या हाती आणखी एक पुरावा होता, आणि तो समुद्राच्या तळाशी होता. लोखंड-६० हा लोखंडाचा किरणोत्सारी भाऊ. दर २६ लाख वर्षांनी निम्मा संपतो. पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षं. म्हणजे जन्माच्या वेळचा कणही आज शिल्लक असणं शक्य नाही. तरी प्रशांत महासागराच्या तळावरच्या खडकांच्या थरांत तो सापडतो. १९९९ मध्ये म्युनिकच्या गटाने पहिल्यांदा दाखवला, नंतर इतर समुद्रांत आणि चंद्राच्या मातीतही सापडला. मोठे तारे तो शिजवतात आणि स्फोटात उधळतात. थरांचं वय साधारण १७ ते ३२ लाख वर्षं. या काळात आपल्या शेजारी एकाहून जास्त तारे फुटले असावेत, आणि झीटाचा जोडीदार त्यातला एक असण्याला वेळ जुळते.

इतक्या जवळ तारा फुटला म्हणजे तो काही आठवडे पौर्णिमेच्या चंद्राच्या तोडीचा, दिवसाढवळ्या दिसणारा ठिपका झाला असेल. बघायला कोण होतं? आफ्रिकेत होमो इरेक्टस होता. आपल्याकडे? याच नाशिक-पुणे रस्त्यालगत, कुकडीकाठी बोरी नावाचं गाव आहे. तिथे ज्वालामुखीच्या राखेजवळ दगडी हत्यारं मिळाली. राखेचं वय कुणी १४ लाख वर्षं सांगतं, कुणी फक्त ७५ हजार. १४ लाखवाले बरोबर असले तरी ती माणसं स्फोटाला उशिराच पोचली. पण झीटा त्यांनी पाहिला असणार, थोड्या वेगळ्या जागी.

झीटा एवढ्या जोरात का फिरतो, तेही याच संसारात दडलंय. २०२१ मध्ये मातिओ रेन्झो आणि इल्वा गटबर्ग यांनी गणिती प्रतिकृती करून दाखवलं की मोठा जोडीदार मरण्याआधी फुगला, त्याच्या अंगावरचा वायू झीटावर सांडू लागला, आणि त्या सांडण्यानेच झीटाचा भोवरा झाला. त्याच्या पृष्ठभागावर नायट्रोजन आणि हेलियम जरा जास्त आहे, ते जोडीदाराचं. म्हणजे आधी भरवलं, मग फेकलं.

आता एक आडवाट, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. या ताऱ्याने एकदा विश्वाच्या जन्माचा पुरावाच आपल्या हातात ठेवला होता. १९४० च्या सुमारास माउंट विल्सनवर वॉल्टर ॲडम्स यांनी झीटाचा प्रकाश तपासला, तेव्हा वाटेतल्या ढगात सायनोजेनचे रेणू दिसले. कॅनडाच्या अँड्र्यू मॅकेलर यांनी १९४१ मध्ये गणित मांडलं की हे रेणू शून्यावर नाहीत. कशाने तरी त्यांना सुमारे २.३ केल्विनची ऊब मिळतेय. कशाने? कुणी फार विचारलं नाही, बाहेर महायुद्ध चालू होतं. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना सगळ्या आकाशातून येणारी मंद रेडिओ कुजबुज सापडली. महास्फोटाची उरलेली ऊब, आज २.७ केल्विन. मग लोकांना मॅकेलर आठवले, पण ते १९६० मध्येच गेले होते. १९७८ चं नोबेल पेन्झियस आणि विल्सन यांना मिळालं.

बरं, बघायचा कसा? मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाचे ढग यायच्या आधी, मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करा. नाशिक शहराचा उजेड नको असेल तर अंजनेरीकडे किंवा गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला जा, एकटे जाऊ नका. वृश्चिकातली लालसर ज्येष्ठा शोधा, ती चटकन सापडते. तिच्या सरळ वर दीड मूठ. तिथे जो साधा, पांढरट-निळा तारा आहे, तो झीटा. तुम्ही बघताय तो प्रकाश सुमारे चारशे वर्षांपूर्वी निघालेला आहे.

मग झीटापासून डावीकडे खाली एक मूठ सरका. तिथे डोळ्यांना काहीच दिसणार नाही. बी १७०६-१६ तिथे आहे, सेकंदाला दीडदा गिरकी घेत. तुम्ही बघत असाल त्या वेळी बोलत असेल, नाहीतर पाच तासांसाठी गप्प बसलेला असेल.